सरांची शाल आणि केळीचा खांब

केळीचा खांब जळत नाही, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. कापून आठवडाभर बांधावर टाकला तरी त्यातून पाणी गळत राहतं. लग्नाच्या मांडवाला आणि सत्यनारायणाच्या चौरंगाला आम्ही तो लावतो, कारण तो फुकट मिळतो आणि सरळ उभा राहतो. याच दोन गुणांवर आमच्या गावात शत्रुराष्ट्राचा पुतळा केळीच्या खांबाचा करायचं ठरलं. ठरवणारे आम्ही सात-आठ जण, सगळ्यांचा जन्म केळीत गेलेला. एकानंही म्हटलं नाही, की बाबांनो, हा पेटणार नाही. असल्या दिवशी शंका काढली तर माणसाकडे वेगळ्या नजरेनं बघतात.

त्या पुतळ्याच्या अंगावर एक शाल होती. ती मी दिली होती. शाल कुणाची होती हे मला माहीत होतं, आणि फक्त मलाच माहीत आहे असं मी पुढं कितीतरी वर्षं धरून चाललो. बायकोलाही सांगितलं नाही. मी मुळातच कमी बोलतो, आणि कमी बोलणाऱ्या माणसाची एक सोय असते. तो गप्प बसला की लोकांना तो विचारी वाटतो.

माझी चोपडा तालुक्यात केळी ग्रुपची कचेरी आहे. कचेरी म्हणजे एक टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर भावाचा फळा. शेतकऱ्याचा माल आणि बाहेरगावचा व्यापारी यांची गाठ घालून द्यायची, कापणीला मजूर लावायचे, ट्रक भरून रवाना करायचा, एवढं माझं काम. माल दिल्लीला जायचा, जम्मूला जायचा. एके काळी काही ट्रक अमृतसरच्याही पुढं, थेट सीमेपर्यंत जात. तिथं आपले हमाल माल उतरवायचे आणि पलीकडचे घेऊन जायचे. आपल्या हमालांचे कपडे एका रंगाचे, त्यांच्या हमालांचे दुसऱ्या. आमचा एक ड्रायव्हर हे बघून आला होता. तो सांगायचा, "भाऊ, रेषा आखेल शे. डोक्यावरनं इकडचा तिकडच्याले देस. पाय रेषेवर पडाले नको, बस. घड कोठेबी पडो."

पलीकडचा व्यापारी लाहोरचा होता. आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नाही, फक्त फोन. तो मला भाईजान म्हणायचा, मी त्याला खाँसाहब. त्याची कायमची तक्रार, की तुमची केळी फार बारीक. माझी तक्रार, की तुम्ही माल थंडीत उघडा ठेवता आणि काळा पडला की मला ऐकवता. एकदा त्याच्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा मी दोन दिवस सलग फोन केला. दुसऱ्या दिवशी केळीचा विषयच निघाला नाही.

हे गावात कुणापासून लपलेलं नव्हतं. तिकडचा माल भरायला लागला की गिऱ्हाईक वाढायचं, आणि गिऱ्हाईक वाढलं की माझ्या फळ्यावरचा भाव सगळ्यांसाठीच वर सरकायचा. ज्याचा एक घडही सीमेकडे जात नव्हता त्यालाही फायदा. सकाळी मोबाईलवर शत्रूला नकाशावरून पुसून टाकणारे संदेश पाठवणारी मंडळी दुपारी कचेरीत यायची, फळ्याकडे बघायची आणि आवाज खाली आणून विचारायची, "काय भाऊ, सीमा उघडी शे ना?"

पण ती कधी उघडी, कधी बंद. दर थोड्या महिन्यांनी काहीतरी बिनसायचं, ट्रक चार-चार दिवस उभे राहायचे आणि केळं काही कुणाची वाट बघत नाही. तेव्हा आमच्या व्यापारी मंडळाच्या अध्यक्षांच्या मनात आलं, की हा व्यापार कायमचा सुरळीत व्हावा असं कुणीतरी जाहीरपणे बोललं पाहिजे. अध्यक्ष म्हणजे आमचे शेठजी. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले. गावात किराण्याचं ठोक दुकान, शिवाय केळीत भागीदारी. ते म्हणाले, "आपण बोललो तर लोक म्हणणार, धंद्यासाठी बोलतात. शिकलेला माणूस पाहिजे. सर कसे?"

सर म्हणजे आमच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मलाही त्यांनीच शिकवलं. त्यांच्या विषयात मी जेमतेम पास झालो होतो, हे त्यांनी कधी काढून दाखवलं नाही. गावच्या वाचनालयाची व्याख्यानमाला त्यांनी एकट्यानं चालवली होती. पाहुण्या वक्त्यांना आणायला एसटी स्टँडवर स्वतः जायचे, सतरंज्या स्वतः झटकायचे, आणि ऐकायला नऊ माणसं आली तरी "आज गर्दी बरी होती" असं म्हणायचे. बायको गेल्यापासून ती व्याख्यानमाला हाच त्यांचा संसार होता. मी हे मुद्दाम सांगतो. आम्ही त्यांचं नेमकं काय काढून घेतलं, ते कळलं पाहिजे.

मी त्यांच्या घरी गेलो. ते म्हणाले, "मला केळीतलं कळत नाही."

"ते मी सांगतो, सर. तुम्ही फक्त बोला."

मी त्यांना दोन संध्याकाळी बसून सगळं सांगितलं. ट्रक कुठं अडतो, माल कुठं सडतो, सीमा बंद झाली की फळा कसा खाली येतो. त्यांनी वहीत लिहून घेतलं. मग पेन बंद करून विचारलं, "हे मला तुम्ही मंडळींनी बोलायला सांगितलं, असं सुरुवातीला सांगून टाकू का? बरं असतं ते."

मी म्हणालो, "नको, सर. तुमचा विषय म्हणूनच जाऊ द्या. वजन पडेल."

"आणि उद्या कुणी काही म्हटलं तर?"

"आम्ही आहोत ना मागं."

चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पेपर तपासताना बघायचे तसं. मग म्हणाले, "ठीक आहे."

भाषण झालं. त्या दिवशी मात्र वाचनालयाचा हॉल खरोखरच भरला होता, कारण मंडळानं सगळ्या बागायतदारांना यायलाच सांगितलं होतं. सर काही आग ओकणारे वक्ते नव्हेत. वर्गात शिकवल्यासारखं बोलले. म्हणाले, शेजारी आवडत नसला तरी शेजारी बदलता येत नाही, देशाला तर घर विकून दुसऱ्या गल्लीतही जाता येत नाही. व्यापार बंद केला म्हणून मालाचं जाणं थांबत नाही, तो फक्त लांबच्या रस्त्यानं जातो. तिसऱ्या देशाच्या बंदरात उतरतो, पोत्यावरचं नाव बदलतो आणि फिरून शेजाऱ्याकडेच पोहोचतो. मधल्या बंदराची चैन होते. पिकवणारा आणि खाणारा, दोघंही हात चोळत बसतात. मग त्यांनी विचारलं, "एकादशीच्या फराळाला सैंधव मीठ वापरता ना? ते कुठल्या खाणीतलं, माहीत आहे? पोरीच्या ओटीत घालता ती खारीक कुठली?" बायका हसल्या. सर म्हणाले, "तर मग त्यांच्या ताटात आपलं केळं जाऊ द्या. ज्याच्याशी रोजचं देणंघेणं असतं, त्याच्यावर दगड उचलताना माणूस एकदा विचार करतो. नेहमी करतो असं मी म्हणत नाही. पण एकदा करतो."

टाळ्या पडल्या. आमच्या रीतीप्रमाणे शाल, नारळ आणि केळीचा एक भला मोठा घड देऊन सत्कार झाला. शाल पांढरी, काळ्या काठाची. सत्तरीच्या माणसानं घड उचलून घरी न्यायचा कसा याचा विचार आमच्याकडे कुणी करत नाही, म्हणून मी त्यांना गाडीतून सोडलं. घड उतरवला, नारळ दिला. शाल मागच्या सीटवर राहिली. उद्या देऊ म्हटलं. बरेच महिने मी उद्या देऊ म्हणत होतो.

मग ती बातमी आली. सीमेवर आपली माणसं गेली. ते दुःख खोटं नव्हतं. त्या दिवशी मी जेवलो नाही, आणि तो दिखावा नव्हता. पण दुःख दोन दिवसांनी घराबाहेर पडतं आणि चौकात जाऊन उभं राहतं, तिथं त्याचं काय होतं ते मी पाहिलंय. व्यापार बंद झाला. फळा खाली आला. आणि सरांच्या भाषणातला एवढासा तुकडा सगळ्यांच्या मोबाईलवर फिरू लागला. मागचं नाही, पुढचं नाही. सर माइकपुढं उभे, आणि म्हणताहेत, "त्यांच्या ताटात आपलं केळं जाऊ द्या."

"याले बोलाले कोनी लायं?" सरांना बोलायला कुणी लावलं, हा प्रश्न पहिल्याच दिवशी माझ्या कचेरीत आला. विचारणारा माझाच शेतकरी होता, हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवणारा. मी फळ्यावरचे आकडे पुसत होतो. पुसलेले आकडे मी पुन्हा पुसले.

शेठजींचा फोन आला. "निषेधाची सभा आपल्याच मंडळानं घ्यायची. आपण नाही घेतली तर लोक आपल्याकडे बोट दाखवतील. अध्यक्षस्थान तुम्ही घ्या."

"मी? तुम्ही अध्यक्ष आहात."

"अहो, माझ्या दुकानात सैंधवाची पोती पडली आहेत. बरं दिसतं का?"

सभेआधी मंडळाची बैठक झाली. शत्रुराष्ट्राच्या सर्व मालावर बहिष्काराचा ठराव मी मांडला. तो एकमतानं मंजूर झाला. मग एका सभासदानं हात वर करून विचारलं, की घरून निरोप आहे, परवा एकादशी आहे, सैंधवाचं काय? बराच खल झाला. एक जण म्हणाला समुद्राचं मीठ चालत नाही. दुसरा म्हणाला मीठच खाऊ नका. तिसऱ्यानं त्याला विचारलं, तुझ्या घरी उपास कोण करतं, तू का वहिनी? शेवटी ठरावात दुरुस्ती झाली, की दुकानांत आधीपासून शिल्लक असलेला माल हा आता आपल्याच देशाचा समजावा. शेठजींनी दुरुस्तीला अनुमोदन दिलं.

आणि पुतळा केळीच्या खांबाचा करायचा ठरला, ते मी सांगितलंच.

चौकात खांब उभा केला. वर मडक्याचं डोकं. मिशा काढल्या. त्या कुणाच्या, हे कुणालाच नीट माहीत नव्हतं, पण मिशा पाहिजेत असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. खांब उघडाच दिसत होता, म्हणून कुणीतरी ओरडलं, "भाऊ, तुमनी गाडीमा काही कापड शे का?"

मी मागचं दार उघडलं. तिथं ती शाल होती. सरांनी खांद्यावरून काढून ठेवली तशी घडी घातलेली.

मी विसरून दिली, असं सांगितलं तर वाचणाऱ्याला पटेल. पण तसं झालं नाही. शालीला हात लावला तेव्हा सत्काराचा दिवस मला पूर्ण आठवत होता. आणि मला हायसं वाटलं. ते भाषण माझं होतं याचा माझ्याजवळचा एवढाच पुरावा उरला होता, आणि तो स्वतःहून आगीत जायला निघाला होता. मी शाल त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, "घ्या, जुनीच आहे."

मग मी बोललो. एवढ्या मोठ्यांदा मी आयुष्यात बोललो नव्हतो. म्हणालो, या गावात शत्रूची बाजू मांडणाऱ्याला इथून पुढं व्यासपीठ मिळणार नाही. टाळ्या पडल्या. बऱ्याचशा टाळ्या त्याच हातांच्या होत्या.

आग लावली. शाल लगेच पेटली, लोकरीचा उग्र वास सुटला. ती संपली आणि खाली खांब तसाच हिरवा. डिझेल ओतलं. डिझेल जळालं, खांब फसफसला, त्याच्या अंगातून पाणी निघालं आणि ते पाणी आगीवरच ओघळलं. मडकं फुटलं. घोषणा थकल्या. एका म्हाताऱ्या बागायतदारानं शेवटी धीर करून सांगितलं, "हाई बळाव नही रे भो. केयना खांब शे." तेव्हा सगळ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू शत्रूनंच त्याला पाठवलं होतं. शेवटी खांबाला लाथ घालून आडवा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकातल्या गायी तो खात होत्या.

आठवड्याभरात वाचनालयाच्या समितीनं सरांचा राजीनामा घेतला. घेतला म्हणजे मागितला. मी समितीवर होतो. कोणाची हरकत आहे का, असं विचारलं तेव्हा सरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. दोन वाक्यांत ते मला उघडं पाडू शकले असते. मी आधीच हात वर केला होता, तो ठरावाच्या बाजूनं. सर उठले, सतरंजीची दुमडलेली कड पायानं सरळ केली आणि गेले. पुढं गावात त्यांना कोणी काही बोललं नाही. कोणी बोलेनासंच झालं. थोड्या महिन्यांनी ते धुळ्याला मुलीकडे राहायला गेले. त्यांना सोडायला स्टँडवर कोणी गेलं नाही. मीही नाही.

त्यानंतरची वर्षं सरांच्या भाषणाप्रमाणे घडत गेली. शेठजींच्या दुकानात खारकेच्या पोत्यांवर दुसऱ्याच एका देशाचं नाव आलं. खारीक तीच, भाव मात्र समुद्रातून फिरून आल्यासारखा. सैंधवाच्या पाकिटावर नवं लेबल. खाँसाहबांनी एकदा फोन केला होता. मी उचलला नाही. मग त्यांनी कधी केला नाही. त्यांच्या बायकोचा गुडघा बरा झाला का, हे मला कळलं नाही. व्याख्यानमाला आम्ही चालू ठेवली. वक्ते आता कुठल्याही विषयावर बोलत, पण बहुधा आरोग्यावर.

हे सगळं माझ्या पोटात तसंच राहिलं असतं. पण अलीकडे पेपरात पुन्हा छापून येऊ लागलं, की वातावरण निवळतंय, कदाचित बोलणी होतील, कदाचित व्यापार उघडेल. दोनदा 'कदाचित' असलेली बातमी. तेवढ्यावर आमच्या मंडळाची तातडीची बैठक बोलावली गेली. दिल्लीला निवेदन द्यायचं ठरलं, की शेजारी देशाशी व्यापार सुरळीत होणं राष्ट्रहिताचं आहे. ठराव एकमतानं मंजूर. बहिष्काराचा ठराव मंजूर करणारेच सगळे सभासद, फक्त केस पिकलेले.

शेठजी म्हणाले, "निवेदनाला काहीतरी अभ्यासाचं जोडायला पाहिजे. नुसतं आमची केळी, आमची केळी, असं नको." मग म्हणाले, "सरांचं ते भाषण होतं ना? फार छान होतं."

कुणी हसलं नाही. मी वाट पाहिली, पण खरंच कुणी हसलं नाही.

"तुम्हीच जाऊन या धुळ्याला," शेठजी मला म्हणाले. "तुमच्याशी त्यांचं जवळचं होतं."

अमळनेरवरून एसटीनं धुळ्याला गेलो. गाडीनं गेलो नाही. गाडी नवी आहे, पण मागची सीट कुठल्याही गाडीला असतेच. देवपुरात मुलीचं घर. सर ओट्यावर सूप घेऊन भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. हात आता सावकाश चालत होते, पण दाणा एकही बाहेर पडत नव्हता. मला बघून म्हणाले, "या. बसा. शेंगा फोडता येतात ना?"

मीही फोडायला बसलो. मुलीनं चहा आणला. तिनं मला ओळखलं, कप माझ्या हातात न देता शेजारी ठेवला आणि आत गेली.

मी निवेदनाचं सांगितलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे आता माझं बरोबर होतं म्हणताय?"

"तेव्हाही बरोबरच होतं, सर."

"ते मला माहीत होतं हो." त्यांनी एक शेंग फोडली. पोकळ निघाली. "मी विचारतोय, तुम्हाला कधी कळलं?"

मी म्हणालो, "तुम्हाला बोलायला सांगितलं तेव्हाच."

यावर ते पहिल्यांदा हसले. "पास झालात," म्हणाले. आत जाऊन एक फाईल घेऊन आले. भाषणाची पानं, निळ्या शाईतली, माझ्याकडून ऐकून लिहिलेली ट्रकची माहिती समासात. ती मांडीवर ठेवून ते म्हणाले, "देतो. पण दिल्लीला जाण्याआधी हे आपल्या हॉलमध्ये एकदा वाचलं गेलं पाहिजे. तुम्ही वाचायचं. आणि सुरुवातीला सांगायचं, की हे बोलायला मला कुणी सांगितलं होतं. वाचनालयाच्या इतिवृत्तात तसं लिहायचं. मला परत बोलवू नका, सत्कार नको. तेवढी एक ओळ त्या वहीत पाहिजे. माझ्यानंतर कुणी ती वही उघडलीच, तर त्याला मी शत्रूकडून पैसे घेऊन बोललेला माणूस वाटायला नको."

मी मान हलवली. मग उठताना, का कुणास ठाऊक, बोललो. "सर, अजून एक आहे. त्या दिवशी पुतळ्याला जी शाल..."

"लोकरीची होती," सर म्हणाले. "वासावरून कळलं. मी मंडईतून येत होतो, मागं उभा होतो." त्यांनी सूप हलवून टरफलं पाखडली. "काठ ओळखू आला. तोपर्यंत मला वाटत होतं, तुम्ही उद्या आणून द्याल."

बसमध्ये मी फाईल मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारच्या माणसानं दोनदा विचारलं, की बरं वाटत नाही का.

हॉलमध्ये अठरा माणसं होती. सर असते तर गर्दी बरी होती म्हणाले असते. शेठजी पुढं बसले होते. मी कागद काढले आणि आधी ते सांगितलं. हे भाषण मंडळानं करवून घेतलं होतं. सरांना मी विनवलं होतं. आमचं नाव सांगू नका असं मी म्हटलं होतं, मागं आम्ही आहोत असंही मीच म्हटलं होतं. शालीचंही सांगितलं. आवाज फार गेला नसावा, कारण मागच्या रांगेतल्या एकानं शेजाऱ्याला "काय म्हनी ऱ्हायना?" असं विचारलेलं मला ऐकू आलं. शेजाऱ्यानं सांगितलं. खाली मान घालून बसलेली ती माणसं बघून मला वाटलं, माझं रहस्य एवढंही गुप्त नव्हतं. प्रत्येकाला थोडंथोडं माहीत होतं आणि प्रत्येकाची थोडीथोडी सोय होती.

मग मी सरांचं भाषण वाचलं. सैंधवाच्या जागी या वेळी बायकाही हसल्या नाहीत. "त्यांच्या ताटात आपलं केळं जाऊ द्या" हे वाक्य आलं, तसं मी मागचं आणि पुढचं धरून सावकाश वाचलं. संपल्यावर पहिल्या रांगेतून प्रश्न आला. तोच माझा शेतकरी. "बठ्ठं खरं शे भाऊ. पन मंग सीमा कवय उघडस?"

वाचनालयाच्या लेखनिकानं इतिवृत्ताची वही पुढं केली. त्यानं आधीच लिहून ठेवलं होतं, 'व्याख्यान उत्साहात पार पडले.' मी ते खोडलं आणि सरांना हवी होती ती ओळ लिहिली. शेठजी वाकून वाचत होते. हळूच म्हणाले, "अहो, हे पान निवेदनाला जोडू नका म्हणजे झालं. दिल्लीवाल्यांना आपल्या घरातलं कशाला?" मी खाली माझं नाव लिहून सही केली. त्या वहीत माझ्या अनेक सह्या आहेत. त्यातली एक सरांच्या राजीनाम्याखाली आहे. दोन्ही पानं एकाच वहीत आहेत, हे मला तेव्हाच दिसलं.

तेवढ्यात आमचा शिपाई ताट घेऊन आला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. भाषण संपलं की शाल, नारळ आणि घड, ही इतक्या वर्षांची रीत त्याच्या हातात बसली होती. मी "अरे नको" म्हणेपर्यंत त्यानं शाल माझ्या खांद्यावर टाकलीसुद्धा. पांढरी, काळ्या काठाची. दुकानही तेच असणार. अठरा जणांनी टाळ्या वाजवल्या, कारण शाल पडली की टाळ्या वाजवायच्या असतात.

दुसऱ्या दिवशी मी ती शाल आणि त्या पानाची नक्कल घेऊन धुळ्याला गेलो. सरांनी नक्कल चष्मा पुसून दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली. शाल मात्र उलगडूनही पाहिली नाही. "ती तुमची आहे," म्हणाले. "भाषण तुम्ही केलंत."

परत येताना या वेळी गाडी होती. शाल मागच्या सीटवर ठेवली. अजून तिथंच आहे. बायको विचारते, घरात का आणत नाही. मी आता तिला सगळं सांगितलंय, तरी विचारते.